पट्टी, लेझर आणि परात: घरच्या घरी नॅनोमीटरपर्यंत कसं पोहोचायचं

प्लास्टिकच्या पिशवीवर '१२० मायक्रॉन' छापलेलं असतं, हवेच्या बातमीत 'पीएम २.५' येतं, मोबाइलच्या जाहिरातीत '३ नॅनोमीटरची चिप' असते. आकडे रोजचे झाले, पण त्यांच्यामागची लांबी आपण कधी स्वतः मोजलेली नसते. पुस्तकं एका वाक्यात सुटका करून घेतात: नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा अमुक हजारावा भाग. आता तो केस किती जाड, ते कोण मोजणार?

आपणच मोजू. कागदापासून सुरुवात करू, मग प्रकाशाची तरंगलांबी, मग केस, मग सीडीवरच्या रेघा, आणि शेवटी परातीतल्या पाण्यावर एक-दोन नॅनोमीटर जाडीचा तेलाचा थर. या सगळ्यात लांबी वाचणारं साधन एकच, मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी (लांब अंतराला टेप). लहान लांबी मोजायला लहान पट्टी लागत नाही. ती लहान लांबी एखाद्या मोठ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या अंतरात कशी उतरवायची एवढंच शोधायचं असतं. खालची प्रत्येक पायरी म्हणजे ते उतरवण्याची एकेक युक्ती आहे.

आधी हिशेब पक्का करू

एक मीटर म्हणजे १०० कोटी नॅनोमीटर. एक सेंटिमीटर म्हणजे बरोबर १ कोटी नॅनोमीटर, आणि एक मिलिमीटर म्हणजे १० लाख. लाख-कोटीत मोजणाऱ्या माणसाला हे लक्षात ठेवणं सोपं जातं. दहाचे ऋण घातांक घोकायची गरज नाही. मधला टप्पा मायक्रोमीटरचा: मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे १००० नॅनोमीटर. 'मायक्रॉन' हे त्याचंच जुनं नाव. १९६७ साली ते अधिकृत यादीतून काढलं गेलं, पण भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये आजही मायक्रॉनच चालतो, आणि पिशवीवरही तोच छापतात.

बारावीच्या प्रॅक्टिकलला सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम अशी पाठ केलेली असेल, तर दहाने भागा: ५८९.३ नॅनोमीटर. अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग.

पायरी पहिली: कागदाची रिम

ए-फोर कागदाची न फोडलेली रिम घ्या. त्यात ५०० कागद असतात. वेष्टन काढा, वर जाड पुस्तक ठेवा म्हणजे मधली हवा निघेल, आणि चारही कोपऱ्यांवर उंची मोजून सरासरी काढा. ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या कागदाच्या) रिमची उंची साधारण पाच सेंटिमीटर भरते. समजा ४.९ आली. ४९ मिलिमीटर भागिले ५०० म्हणजे ०.०९८ मिलिमीटर, अर्थात ९८ मायक्रोमीटर, अर्थात ९८ हजार नॅनोमीटर.

उंची मोजताना एक मिलिमीटर चुकलात तरी ती चूक ५०० कागदांत वाटली जाते आणि एका कागदामागे फक्त २ मायक्रोमीटर उरते. लहान गोष्ट एकावर एक रचून मोठी करायची, ही पहिली युक्ती.

पिशवीलाही हीच. देशभरातल्या नियमानुसार प्लास्टिकच्या पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. पिशवी सपाट पसरली की मुळातच दोन थर असतात. चार वेळा दुमडली की ३२ थर होतात. १२० मायक्रॉनची पिशवी असेल तर ही घडी जवळजवळ चार मिलिमीटर भरायला हवी. घडीत हवा अडकते, म्हणून दोन सपाट फळ्यांमध्ये घट्ट दाबूनच मोजा. दाबूनही दीड-दोन मिलिमीटरच भरली, तर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी दुसरी: स्टीलच्या पट्टीने प्रकाश मोजणं

ही पायरी मला सगळ्यांत आवडते, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेणार आहे. लेझरच्या शोधात वाटा असलेले आर्थर शॉलो यांनी १९६५ साली दाखवलं की प्रकाशाची तरंगलांबी स्टीलच्या साध्या फूटपट्टीने मोजता येते. ना ग्रेटिंग, ना स्पेक्ट्रोमीटर.

साहित्य: लाल लेझर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, टेप आणि एक पांढरी भिंत. हातात धरायच्या पॉइंटरपेक्षा छोटं लेझर मॉड्यूल बरं, कारण ते चिकटपट्टीने एका जागी बसवता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत ते सहज मिळतं. एक मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचं मागा, पण लेबलवर विसंबू नका. स्वस्त लेझर बऱ्याचदा लिहिलंय त्याहून जास्त शक्तीचे निघतात. हिरवा पॉइंटर टाळाच. त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडू शकतो.

डोळ्यांचं आधी बोलून घेऊ. मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. इथला लेझर तेवढा ताकदवान नसला तरी नियम तेच: झोतात किंवा त्याच्या परावर्तनात कधीही डोळा आणायचा नाही, पट्टीच्या पातळीला वाकून 'झोत कुठे जातोय' ते बघायचं नाही, समोरच्या भिंतीवर आरसा, टीव्ही किंवा काचेची तसबीर नको, आणि मुलं करणार असतील तर एक मोठं माणूस पूर्णवेळ शेजारी हवं. जुळवाजुळव करताना लेझर बंद ठेवा.

आता मांडणी. टेबल भिंतीपासून साधारण तीन मीटरवर. पट्टी टेबलावर आडवी, खुणा वर, लांबी भिंतीच्या दिशेने. तिचं भिंतीकडचं टोक टेबलाच्या कडेबाहेर १५-२० सेंटिमीटर काढा आणि मागच्या टोकावर वजन ठेवा. लेझर पट्टीच्या मागे सुमारे एक मीटरवर, पट्टीच्या पातळीपेक्षा दोनच सेंटिमीटर उंच. झोत पट्टीला जेमतेम घासून गेला पाहिजे, आणि टेबलाबाहेर काढलेल्या भागावर, अर्ध्या मिलिमीटरच्या आखूड खुणा असलेल्या कडेवर पडला पाहिजे. इतक्या तिरक्या कोनात लेझरचा बारीक ठिपका पट्टीवर दहा-पंधरा सेंटिमीटर लांबट पसरतो आणि शेकडो खुणा एकदम झाकतो. तेच आपल्याला हवंय.

खोलीत अंधार करा. भिंतीवर एकावर एक लाल ठिपक्यांची रांग दिसेल. त्यातला सर्वांत ठळक ठिपका पट्टीने आरशासारखा परत फेकलेल्या झोताचा. त्याच्या वर पहिला, दुसरा, तिसरा असे ठिपके, आणि त्यांच्यातलं अंतर वर जाताना कमी होत जातं. भिंतीवर कागद चिकटवून सगळ्यांवर पेन्सिलने खुणा करा. मग पट्टी अलगद बाजूला सरकवा. झोत सरळ जाऊन खाली जिथे पडेल तीही खूण करा. सरळ ठिपका आणि आरशाचा ठिपका यांच्या बरोबर मधोमध पट्टीची पातळी असते. सगळ्या उंच्या तिथून मोजायच्या.

समजा आकडे असे आले: सरळ आणि आरशाच्या ठिपक्यांमध्ये १२ सेंटिमीटर, म्हणजे आरशाच्या ठिपक्याची उंची ६० मिलिमीटर. तिसऱ्या ठिपक्याची उंची २७१ मिलिमीटर. भिंतीपर्यंतचं अंतर ३००० मिलिमीटर. सूत्र असं:

तरंगलांबी = खुणांमधलं अंतर × (ठिपक्याच्या उंचीचा वर्ग − आरशाच्या ठिपक्याच्या उंचीचा वर्ग) ÷ (२ × ठिपक्याचा क्रमांक × भिंतीच्या अंतराचा वर्ग)

२७१ चा वर्ग ७३,४४१. त्यातून ६० चा वर्ग ३,६०० वजा केला की उरले ६९,८४१. त्याला ०.५ ने गुणा: ३४,९२०. खाली २ गुणिले ३ गुणिले ९० लाख, म्हणजे ५ कोटी ४० लाख. भागाकार ०.०००६४७ मिलिमीटर, अर्थात ६४७ नॅनोमीटर. लाल लेझरवर बहुतेक ६५० लिहिलेलं असतं.

खुणा अर्ध्या मिलिमीटरच्या, उत्तर त्याच्या सुमारे पाऊणहजाराव्या भागाचं. हे होतं कसं? पट्टीवरच्या लागोपाठच्या दोन खुणांच्या मधून परत आलेल्या लहरी भिंतीपर्यंत थोडं वेगवेगळं अंतर चालून येतात. हा फरक बरोबर एक, दोन किंवा तीन तरंगलांब्यांइतका असतो तिथेच सगळ्या लहरी एकमेकींना साथ देतात आणि ठिपका उजळतो. कोन तिरका असल्यामुळे झोताला खुणा प्रत्यक्षापेक्षा फारच जवळजवळ भासतात, म्हणून ठिपके एकमेकांत न मिसळता सुटे दिसतात. हाच झोत पट्टीवर वरून सरळ मारलात तर ठिपके एकमेकांना चिकटून बसतील.

कुठे चुकतं? ठिपक्याची उंची एक मिलिमीटर चुकली तर उत्तर पाचएक नॅनोमीटरने हलतं. खरी गोची भिंतीच्या अंतरात आहे. ते नेमकं कुठून मोजायचं? झोत पट्टीवर दहा-पंधरा सेंटिमीटर पसरलेला असतो. या लांबट डागाच्या मध्यापासून मोजा. तिथे पाच सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर वीसेक नॅनोमीटरने बदलतं. दुसरी गोष्ट, ठिपक्यांच्या मध्ये फिकट ठिपके दिसले तर झोत मिलिमीटरच्या लांब खुणांवरही पडतोय. पट्टी थोडी बाजूला सरकवा आणि फक्त ठळक ठिपके मोजा. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणाच नसतील तर सूत्रात ०.५ च्या जागी १ घाला, ठिपके जवळजवळ येतील इतकंच.

पायरी तिसरी: केस

आता लेझर आपल्याला ओळखीचा झाला, त्यामुळे तोच पट्टीसारखा वापरता येईल. पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोक पाडा, त्यावर एक केस ताणून दोन्ही टोकं चिकटवा आणि लेझर बरोबर केसावर पडेल असं धरा. दोन मीटरवरच्या भिंतीवर, केसाच्या आडव्या दिशेने, उजेड-अंधाराचे पट्टे पसरतात. केस उभा असेल तर पट्टे आडव्या रांगेत.

मोजायच्या त्या अंधाऱ्या जागा. उजेडाचा मध्य डोळ्यांना नीट पकडता येत नाही, अंधाराचा येतो. डावीकडचा तिसरा अंधार ते उजवीकडचा तिसरा अंधार एवढं अंतर एकदम घ्या आणि सहाने भागा. मधला उजेड दुप्पट रुंद असतो, पण तो या हिशेबात आपोआप बसतो.

समजा ते अंतर १०.४ सेंटिमीटर भरलं. एका पट्ट्याला १७.३ मिलिमीटर. केसाची जाडी म्हणजे तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले पट्टा: ०.०००६४७ × २००० ÷ १७.३ = ०.०७५ मिलिमीटर. ७५ मायक्रोमीटर, म्हणजे ७५ हजार नॅनोमीटर. केस जितका बारीक तितके पट्टे रुंद, हे आधी उलटं वाटतं. घरातल्या चार जणांचे केस लावून बघा, बाळाच्या जावळाचा एखादा केस मिळाला तर उत्तमच. फरक भिंतीवर दुरूनही दिसतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज असेल तर ताळा करता येईल. त्याचं लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रोमीटर; त्यामुळे ते ०.०७ किंवा ०.०८ दाखवेल. शिवाय केस त्याच्या जबड्यात थोडा चेपतो. इथे तुमचा पुठ्ठा आणि लेझर त्या उपकरणापेक्षा सरस आहे, आणि व्हायव्हाला हे सांगायला लाजू नका.

पायरी चौथी: सीडी आणि डीव्हीडी

अडगळीत पडलेली सीडी आता कामाला येईल, शक्यतो घरी राइट केलेली. तिची लेबलची बाजू वर करून कडेला कटरने एक ओरखडा काढा, त्यावर पार्सलची रुंद चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चंदेरी थर सोलून येतो आणि खाली पारदर्शक चकती उरते. माहिती ज्यांच्यावर लिहिली जाते त्या बारीक रेघा त्या चकतीवरच असतात. डीव्हीडी मात्र दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते. कडेत कटरचं पातं घालून त्या विलग कराव्या लागतात. पातं आपल्याकडे घसरतं, म्हणून हातमोजे घाला.

पारदर्शक भागातून लेझर सरळ आरपार जाऊ द्या, चकती झोताला काटकोनात, भिंत तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर. मध्ये एक ठिपका आणि दोन्ही बाजूंना एकेक ठळक ठिपका दिसेल. डावा-उजवा दोन्ही मोजून सरासरी घेतली की चकती थोडी कलती असल्याची चूक बरीचशी निघून जाते. बाजूचा ठिपका मधल्यापासून १३.३ सेंटिमीटरवर आला असं धरा. चकतीपासून बाजूच्या ठिपक्यापर्यंतचं तिरकं अंतर पायथागोरसने काढा: १३.३ आणि ३० यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ३२.८. आता १३.३ भागिले ३२.८ म्हणजे ०.४०५. तरंगलांबी ६४७ ला याने भागलं की शेजारच्या दोन रेघांमधलं अंतर १५९६ आलं, म्हणजे अंदाजे १६०० नॅनोमीटर. सीडीचा ठरलेला आकडा १.६ मायक्रोमीटरच आहे.

तुमच्या सीडीवर ठिपका १४.३ सेंटिमीटरवर पडला आणि उत्तर १५०० आलं तर लगेच खाडाखोड करू नका. ७०० एमबीच्या, ८० मिनिटांच्या सीडीवर जास्त मजकूर मावावा म्हणून रेघा थोड्या जवळ आणलेल्या असतात. आधी सीडीवर छापलेली मिनिटं वाचा.

डीव्हीडीच्या रेघा ०.७४ मायक्रोमीटरवर असतात. ठिपका इतका बाहेर फेकला जातो की भिंत १० सेंटिमीटरवर आणावी लागते, आणि तरी तो मधल्यापासून १८ सेंटिमीटरवर पडतो. ब्ल्यू-रे असेल तर प्रयत्न सोडून द्या. तिच्या रेघा ०.३२ मायक्रोमीटरवर, लाल प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच. सरळ पडलेल्या लाल प्रकाशाला बाजूचा ठिपका तयारच करता येत नाही. तरंगलांबीपेक्षा जवळच्या रेघा या पद्धतीने दिसत नाहीत. ब्ल्यू-रे वाचायला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर लागतो, कारण कमी तरंगलांबीचा झोत जास्त बारीक ठिपक्यावर एकवटता येतो.

लेझरचा मार्ग इथे संपतो. शेकडो नॅनोमीटरच्या खाली उतरायचं तर प्रकाश सोडून दुसरं काहीतरी हवं.

पायरी पाचवी: परातीतला एक रेणू

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि ते सुमारे अर्धा एकर पसरून पाणी शांत झालेलं पाहिलं. हे वर्णन १७७४ साली छापून आलं. त्यांनी भागाकार केला नाही. चमच्यात साधारण पाच मिलिलिटर तेल आणि अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर धरले, तर थराची जाडी अडीच नॅनोमीटर निघते. लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये मोठ्या पसरट टबात ऑलिव्ह तेल वापरून हाच हिशेब नीट केला आणि १.६ नॅनोमीटर उत्तर काढलं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या पन्हाळीत केलेले पाण्याच्या पृष्ठभागाचे प्रयोग रॅलेंना पत्राने कळवले, आणि ते 'नेचर'मध्ये छापले गेले. तेव्हा परातीला कमी लेखू नका.

द्रावण आधी करा. प्रयोगशाळेचा माल विकणाऱ्या दुकानातून ऑलिव्हसारख्या तेलात असणारं ओलेइक अ‍ॅसिड आणा. पातळ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला 'आयपीए' म्हणतात. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन आणि इतर घटक असतात. १ मिलिलिटर अ‍ॅसिडमध्ये आयपीए घालून एकूण २० मिलिलिटर करा. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन पुन्हा एकूण २० करा. आता अ‍ॅसिडचं प्रमाण ४०० त एक भाग झालं. गॅस बंद आणि खिडकी उघडी ठेवा, कारण आयपीए भडकन पेटतं. दोन्ही वेळा वेगळी सिरिंज वापरा, नाहीतर पहिल्या सिरिंजच्या भिंतीला चिकटलेलं अ‍ॅसिड सगळा हिशेब बिघडवेल.

एका थेंबाचं आकारमान काढायचं ते थेंब मोजून: १ मिलिलिटर द्रावण सिरिंजच्या सुईतून सावकाश सोडा आणि किती थेंब पडले ते मोजा. अल्कोहोलचे थेंब पाण्याच्या थेंबांपेक्षा बरेच लहान पडतात. ५० थेंब पडले असं धरू; मग एक थेंब ०.०२ मिलिलिटर, आणि त्यातलं अ‍ॅसिड त्याचा ४०० वा भाग, ०.००००५ मिलिलिटर.

परात ४५ सेंटिमीटर तरी रुंद हवी. काळा प्लास्टिकचा ट्रे असेल तर कडा आणखी स्पष्ट दिसतात. जे काही घ्याल ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. साबणाने घासा, मग साबणाचा अंशही राहणार नाही इतक्या वेळा गरम पाण्याने खंगाळा. आतल्या बाजूला बोट लावू नका, बोटाचं तेलही पुरेसं असतं.

स्वच्छतेची परीक्षा देवघरातल्या कापराने घ्या. दोन सेंटिमीटर पाणी भरा आणि मोहरीएवढा कापराचा कण वर सोडा. पाणी खरंच स्वच्छ असेल तर कण गिरक्या घेत सैरावैरा पळतो. तेलाचा किंवा साबणाचा थर असेल तर जागीच बसून राहतो. आता पळत्या कणाजवळ केसांवरून फिरवलेली काडी नुसती टेकवून बघा, तो जागच्या जागी थांबतो. रॅलेंनी त्यांच्या प्रयोगात हीच खूण वापरली होती. परीक्षा झाली की ते पाणी टाकून द्या, परात खंगाळून नवं पाणी भरा, पंखा बंद करा आणि पाणी पूर्ण स्थिर होऊ द्या.

टाल्कम पावडर मलमलच्या कापडाच्या पुरचुंडीत बांधा आणि वरून हलकेच टिचक्या मारा. दिसेल न दिसेल इतका पातळ थर पुरे. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो: पावडर जास्त झाली की तिचा पापुद्रा होतो, तेल त्याला ढकलू शकत नाही आणि वर्तुळ लहान राहतं.

प्रथम नुसत्या आयपीएचा एक थेंब सोडा. पावडर फाकते आणि लगेच परत मिटते. म्हणजे अल्कोहोल पाण्यात विरतं आणि हवेत उडतं, मागे काही ठेवत नाही. मग द्रावणाचा एक थेंब मधोमध, पाण्याच्या अगदी जवळून. पावडर डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे सरते आणि मध्ये स्वच्छ पाण्याचं वर्तुळ उरतं, थोडं वेडंवाकडं. पट्टी पाण्याला न लावता वर धरून चार दिशांनी व्यास घ्या.

सरासरी २० सेंटिमीटर आली तर क्षेत्रफळ ३.१४ × १० × १०, म्हणजे ३१४ चौरस सेंटिमीटर. ०.००००५ घन सेंटिमीटर भागिले ३१४ म्हणजे ०.०००००० नंतर १५९, अर्थात ०.००००००१५९ सेंटिमीटर. शून्यं मोजत बसण्यापेक्षा सेंटिमीटरला १ कोटीने गुणा: ०.००००००१५९ गुणिले १ कोटी, १.५९ नॅनोमीटर.

हा थर एकाच रेणूचा आहे कशावरून? ओलेइक अ‍ॅसिडच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, लांब शेपटी पाण्यापासून दूर राहते. त्यामुळे जागा मिळाली की रेणू शेजारी शेजारी एकाच थरात पसरतात. ताळा करायचा असेल तर त्याच वर्तुळात दुसरा थेंब सोडा. थर एकाच रेणूचा असेल तर जाडी बदलू शकत नाही, क्षेत्रफळच दुप्पट व्हायला हवं, म्हणजे व्यास २० वरून २८ सेंटिमीटरच्या आसपास. तसं झालं नाही तर पावडर जाड आहे किंवा परात अस्वच्छ. ओलेइक अ‍ॅसिड मिळालं नाही तर ऑलिव्ह तेल घ्या. ते आयपीएत सहजी विरघळत नाही, खूप हलवावं लागतं.

चिपचे नॅनोमीटर आणि प्रयोगशाळेचे

'३ नॅनोमीटर' चिपमध्ये ३ नॅनोमीटरचा कुठलाही भाग शोधायला जाऊ नका. ते पिढीचं नाव आहे, माप नव्हे. त्या चिपमधल्या शेजारच्या तारांमधलं अंतर वीसहून जास्त नॅनोमीटर असतं. जाहिरात खोटी म्हणता येणार नाही, पण तो आकडा मोजपट्टीवरचा नाही.

खऱ्या प्रयोगशाळेत दोन टोकं आहेत. वरचं टोक प्रकाशाचं: १९८३ पासून मीटरची व्याख्या म्हणजे प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तेवढं. खालचं टोक सिलिकॉनच्या स्फटिकाचं: त्यातल्या अणूंच्या ठरावीक थरांमधलं अंतर ०.१९२ नॅनोमीटर आहे आणि ते इतकं नेमकं माहीत आहे की नॅनोमीटरच्या पातळीवर त्याचाच पट्टीसारखा उपयोग करतात. आपल्या स्टीलच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा होत्या, इथे अणूंच्या रांगा आहेत.

उत्तर किती आकड्यांत लिहायचं

कॅल्क्युलेटर १.५९२३५६ दाखवेल. वहीत तसं लिहिलंत तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल, आणि विचारायलाच हवा. थेंबाच्या आकारमानात दहा टक्क्यांची चूक सहज असते, व्यासात पाच टक्के, आणि व्यासाचा वर्ग होत असल्याने तिचे दहा होतात. पाच वेगवेगळे थेंब, दर वेळी नवं पाणी, आणि पाचही उत्तरं वहीत लिहा. ती १.३ ते २ च्या मध्ये पसरली तर 'सुमारे दीड ते दोन नॅनोमीटर' हेच प्रामाणिक उत्तर. सीडीला १६०० आणि केसाला ७५ हे दोन आकडी ठीक. लेझरला ६४७ लिहायचं असेल तर पुढे 'अधिक-उणे २०' जोडा, कारण भिंतीचं अंतर मोजताना पट्टीवरच्या लांबट डागाचा मध्य तुम्ही डोळ्यांच्या अंदाजाने धरला होता.